जुने वळण आणि वाकडे वळण

(व्याख्यानाची संहिता)



मराठी मध्यमवर्गीय घरातील पुस्तकांचे कपाट उघडले, तर दोन प्रकारची पुस्तके बहुधा शेजारी शेजारी आढळतात. एका फळीवर 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'राऊ', 'छावा'. दुसऱ्या फळीवर चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे. पहिल्या फळीवरचे पुस्तक हाती घेताना वाचक नकळत ताठ बसतो. दुसऱ्या फळीवरचे घेताना तो तक्क्याला टेकतो. एका बाजूस गौरव, दुसऱ्या बाजूस गंमत, अशी वाटणी घराघरांत झालेली आहे.

परंतु या दोन फळ्यांवरील लेखकांत एक साम्य आहे. त्यांपैकी कोणीही आपल्या रोजच्या बोलण्यातील भाषेत लिहीत नाही. ऐतिहासिक कादंबरीकार बुद्ध्याच जुने लिहितो. विनोदी लेखक पुष्कळदा बुद्ध्याच वाईट लिहितो. एकाने भाषेला मागे नेलेले असते, दुसऱ्याने ती वाकडी केलेली असते. दोघेही वाचकाला सांगतात : ही भाषा जशी दिसते तशी का आहे, ते ओळखा.

हे ओळखणे आज कठीण होत चालले आहे, आणि म्हणून हा विषय केवळ साहित्याच्या अभ्यासकांचा राहिलेला नाही. 'आर्ष' म्हणजे जुन्या वळणाची शैली आणि 'विडंबन' म्हणजे मुद्दाम बिघडवलेली शैली, या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार बोकाळला आहे. लेखकाला वाटते आपण जुने लिहीत आहोत. प्रत्यक्षात तो वाईट लिहीत असतो, आणि हे त्याच्या गावीही नसते. ज्या समाजाला आपल्या इतिहासाचा अभिमान आहे, त्याने या तिसऱ्या प्रकारापासून सर्वाधिक सावध असावयास हवे.

एक प्रसंग, तीन लेखण्या

तात्त्विक चर्चेपूर्वी एक लहानसे उदाहरण पाहू. प्रसंग साधा आहे. पावसाळी रात्री एक जासूद पत्र घेऊन गडाच्या पायथ्याशी येतो. दरवाजा बंद आहे. पहाटे दरवाजा उघडतो आणि तो पत्र देतो.

जुन्या कागदपत्रांत मुरलेला लेखक हे असे लिहील :

"रात्र दोन प्रहर जाहली. पर्जन्य बहुत. जासूद गडाखाली पावला. दरवाजे लागले होते. हवालदाराचे हुकुमाविना उघडणे नाही, ऐसा शिरस्ता. जासूद तटाचे आडोशास बैसला. पहाटे दरवाजा उघडला, मग पत्र हाती दिले."

या मजकुरात विशेषणे जवळजवळ नाहीत. वीज नाही, वादळ नाही, डोळ्यांत अंगार नाही. पण 'ऐसा शिरस्ता' या दोन शब्दांत त्या काळाची शिस्त उभी राहते. पत्र कितीही महत्त्वाचे असो, जासूद कितीही भिजलेला असो, नियम मोडावयाचा नाही. आणि जासुदालाही तो मोडावा असे वाटत नाही. येथे जुनी भाषा अलंकार म्हणून आलेली नाही. ती त्या माणसांची वागण्याची रीत घेऊन आली आहे.

आता हाच प्रसंग एखाद्या विनोदी लेखकाने, साहित्यसेवेची हौस असलेल्या निवृत्त कारकुनाच्या हातून लिहवून घेतला असे समजू :

"विषय : जासुदाचे आगमन. रात्र काळी होती. पाऊस वरून खाली पडत होता. गडाचा दरवाजा बंद असल्याकारणाने तो उघडा नव्हता. सबब जासुदास आत येता आले नाही, हे कळविण्यास खेद वाटतो. दरम्यान वीजही चमकली. तिचा तपशील सोबत जोडला आहे."

हे वाईट लेखन आहे. पण ते कारकुनाचे वाईट लेखन आहे, लेखकाचे नव्हे. आयुष्यभर टिपणे लिहून लिहून ज्याच्या कल्पनाशक्तीलाही जावक क्रमांक चिकटला आहे, असा एक माणूस त्यातून दिसतो. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याला त्या माणसाविषयी थोडी माया वाटते. वाक्ये वाकडी असली तरी त्यांचा नेम अचूक आहे.

आणि आता तिसरा नमुना :

"'जी सरकार! म्या पामर मुजरा करतो जी! पाच मिनिटांत दरवाजा उघडा जी!' जासूद गरजला. त्याच्या नेत्रांतून अंगार बरसत होता. त्याच्या धमन्यांतून स्वाभिमानाचा लाव्हा उसळत होता. वीज कडाडली. सह्याद्री गहिवरला."

येथे 'सरकार', 'मुजरा' आणि 'जी' आहेत, म्हणून लेखकाला हे शिवकालीन वाटते. पण घटका आणि प्रहर मोजणाऱ्या त्या जासुदाला 'मिनिट' कोठून ठाऊक? धमन्यांतला लाव्हा तर इंग्रजी शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातून आलेला आहे. परंतु खरा दोष या शब्दांचा नाही. खरा दोष असा की, हा जासूद आज्ञा पाळणारा सेवक न राहता टाळ्या घेणारा नट झाला आहे. दरवाजा रात्री का उघडत नसत, हे लेखकाला माहीत नाही. म्हणून त्याने जासुदाला ओरडावयास लावले. शिस्तीच्या जागी आरडाओरडा आला.

भाषेचे घड्याळ

जुनी शैली साधावयाची तर जुने म्हणजे नेमके कोणत्या काळचे, हा पहिला प्रश्न येतो. मराठी भाषेचे घड्याळ सतराव्या शतकात फार वेगाने फिरत होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी इ.स. १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांच्या पत्रांतील शब्द मोजून दाखवले, की शंभर वर्षांत राजकीय पत्रव्यवहारातील फारसी शब्दांचे प्रमाण कसे झपाट्याने उतरत गेले. १६२८ चे पत्र फारसीने ओतप्रोत भरलेले आहे. १७२८ च्या पत्रात मराठी शब्दच प्रामुख्याने आहेत.

हा बदल आपोआप झाला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि राज्यकारभारातील फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावे पालटली : मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला. परंतु व्यवहाराची गंमत अशी, की 'पेशवा' हा जुना शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही. उलट पुढच्या शतकात तोच हिंदुस्थानभर गाजला.

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने या माहितीला फार मोल आहे. १६५० मधील पात्राच्या मुखी 'अमात्य' घातला तर तो शब्द दोन तपे आधी आला. १६८० मधील एखाद्या वृद्ध कारकुनाने मात्र सवयीने 'मुजुमदार' म्हटले, तर ती चूक नव्हे. तो म्हातारा त्या एका शब्दात जिवंत झाला. जुनी शैली म्हणजे जुन्या शब्दांची पोतडी नव्हे. कोण बोलतो, कोणापाशी बोलतो आणि कोणत्या साली बोलतो, याचे भान म्हणजे जुनी शैली.

बखरींचेही असेच आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीच्या किल्ल्यावर लिहिली. रायगड मोगलांच्या हाती गेलेला, राजधानी दूर दक्षिणेत, आणि अशा वेळी थोरल्या महाराजांचे चरित्र लिहावयाचे. ज्यांनी तो काळ पाहिला होता त्यांच्यापैकी एकाने, तो काळ पाहू न शकलेल्यांसाठी ते लिहिले. या पार्श्वभूमीवर सभासदाची आटोपशीर, तुटक वाटणारी वाक्ये वाचली म्हणजे त्या संयमाचे मोल कळते. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा आहे तमिळनाडूतील जिंजी. किल्ल्याच्या दगडांना मान मिळाला, हे योग्यच झाले. त्या किल्ल्यावर लिहिल्या गेलेल्या वाक्यांनाही तसाच मान मिळावयास हवा, आणि तो वाचूनच देता येतो.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. जुनी भाषा म्हणजे सत्य नव्हे. राजवाड्यांनीच १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढताना बखरींतील मजकूर अस्सल पत्रांशी ताडून पाहिला आणि बखरकारांच्या चुका परखडपणे दाखवल्या. बखरीच्या भाषेवर प्रेम करावे, पण पुराव्याच्या वेळी पत्राकडे वळावे, ही शिस्त राजवाड्यांनी घालून दिली. आज ही शिस्त अधिकच आवश्यक झाली आहे. संगणकाला दोन ओळींची आज्ञा केली, की तो क्षणार्धात बखरीच्या वळणाचा परिच्छेद रचून देतो. तो भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरतो आणि 'जाहले', 'ऐसे' पाहून सुशिक्षित माणसेही तो अस्सल मानतात. वेश जुना म्हणून माणूस जुना, असा हा भ्रम आहे.

कादंबरीकारांच्या वाटा

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकर यांच्या 'मोचनगड'चा मान आहे. ती १८७१ पासून 'विविधज्ञानविस्तारा'त क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढे हरिभाऊ आपटे यांनी 'करमणूक' पत्रातून 'उषःकाल' लिहिली. इंग्रजीतील सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांचा आदर्श त्या पिढीपुढे होता. हरिभाऊंचे निवेदन एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षिताचे आहे. ते वाचकाला हाताशी धरून गोष्ट सांगतात आणि आपण त्या काळातले नाही, हे लपवीत नाहीत. हा प्रामाणिकपणा होता.

रणजित देसाई यांनी दुसरी वाट धरली. 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिचे निवेदन मोजक्या, आधुनिक मराठीत आहे; जुनेपणा आहे तो संवादांतील अदबीत. थोरले माधवराव आणि रमाबाई यांच्या बोलण्यात जे न बोललेले राहते, त्यातून पेशवाईचा वाडा उभा राहतो. ना. सं. इनामदार यांनी 'झेप', 'झुंज', 'मंत्रावेगळा', 'राऊ' या कादंबऱ्यांतून दरबारी मसलतींची भाषा मराठी वाचकाच्या कानी आणली.

तिसरी आणि सर्वांत अवघड वाट गो. नी. दांडेकर यांची. 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची', 'हे तो श्रींची इच्छा' या त्यांच्या कादंबऱ्या पुढे 'कादंबरीमय शिवकाल' या नावाने एकत्र आल्या. गोनीदांनी केवळ संवाद नव्हे, तर सगळा सूरच जुना केला. हे धाडस पेलले, कारण त्यामागे दोन गोष्टींचे बळ होते : एकीकडे संतवाङ्मयाचे आयुष्यभराचे वाचन, आणि दुसरीकडे दुर्गांची पायपीट. गड कोणत्या बाजूने चढावा लागतो, पाण्याचे टाके कोठे आहे, वाऱ्याचा मारा कोणत्या माचीवर आहे, हे पायांना ठाऊक असलेला लेखक जुना शब्द वापरतो तेव्हा तो शब्द त्या जागेवरून उचललेला असतो.

इंग्रजीतही असा प्रयत्न झाला आहे. थॅकरे याने १८५२ साली 'हेन्री एस्मंड' ही कादंबरी लिहिली, ती अठराव्या शतकाच्या आरंभीच्या राणी ॲनच्या काळातील गद्याच्या धाटणीने. पहिल्या आवृत्तीची छपाईही जुन्या वळणाच्या खिळ्यांनी केली गेली. पण खिळे जुने होते म्हणून ती कादंबरी टिकली नाही. त्या काळचे निबंधकार थॅकरेने इतके पचवले होते, की त्यांच्या लयीत तो विचार करू शकत होता. भाषेची लय उसनी घेता येत नाही. ती सहवासाने अंगी मुरते.

वाईट लिहिण्याची कला

आता दुसऱ्या फळीकडे वळू. मुद्दाम वाईट लिहिणे सोपे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. उत्तम गाणाऱ्यालाच बेसूर गाण्याची अचूक नक्कल करता येते. ज्याचा मुळातच सूर लागत नाही, त्याची नक्कल आणि त्याचे गाणे यांत फरक राहत नाही.

चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आठवावा. दिलीप प्रभावळकर यांच्यामुळे तो दूरदर्शनवरूनही घराघरांत पोहोचला. चिमणराव स्वतःची हकिगत स्वतः लिहितो. तो स्वतःला विद्वान, व्यवहारी आणि धैर्यवान समजतो. त्याच्या प्रत्येक वाक्यातून नेमके उलटे सिद्ध होते. भाषा भारदस्त, प्रसंग फजितीचा. हे लिहिणारे चिं. वि. कोण होते? पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे व्यासंगी पंडित, बडोदे संस्थानच्या राजदफ्तराची जबाबदारी सांभाळलेले अधिकारी. जुने कागद, त्यांची भाषा, त्यांतील डौल आणि पोकळी हे सर्व त्यांनी रोज पाहिले होते. चिमणरावाची वाक्ये इतक्या नेमकेपणाने घसरतात, कारण घसरवणारा हात निष्णात आहे.

आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह १९२५ चा. विषय कवितेचा असला तरी त्यातला धडा कादंबरीलाही लागू पडतो. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काव्यातील लकबी अत्र्यांनी उचलल्या आणि त्या एवढ्या फुगवल्या की महाराष्ट्र हसू लागला. पुढे पु. ल. देशपांडे यांनी 'मराठी वाङ्मयाचा गाळीव इतिहास' लिहून वाङ्मयेतिहासकारांच्या जड शैलीची तशीच फिरकी घेतली. मराठी वाङ्मय मनःपूर्वक वाचलेल्या माणसालाच ते पुस्तक लिहिता आले असते, आणि ज्याने थोडेबहुत वाचले आहे त्यालाच ते पुरते हसवू शकते.

पाश्चात्त्यांनी तर मुद्दाम वाईट लिहिण्याची स्पर्धाच भरवली. अमेरिकेतील सॅन होजे स्टेट विद्यापीठात १९८२ साली सुरू झालेली ही स्पर्धा चार दशके चालली. न लिहिलेल्या वाईट कादंबरीचे सर्वांत वाईट पहिले वाक्य पाठवावयाचे, एवढीच अट. स्पर्धेला नाव दिले होते एडवर्ड बुल्वर-लिटन या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकाराचे, कारण त्याच्या एका कादंबरीचा वादळी रात्रीचा आरंभ भडकपणाचा नमुना म्हणून प्रसिद्ध पावला. याच कादंबरीकाराचा पुत्र लॉर्ड लिटन व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात आला आणि १८७८ साली त्याने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला. पित्याच्या भडक वाक्यांनी पुढच्या पिढ्यांना हसवले, पुत्राच्या कायद्याने या देशाला चिडवले. बुल्वर-लिटन स्वतः मात्र वाईट लिहावे म्हणून लिहीत नव्हता. तो मनापासून भव्य लिहीत होता. म्हणजे तो आपल्या तिसऱ्या प्रकारातला. आणि तिसऱ्या प्रकाराची शिक्षा हीच असते : लेखक रडवावयास जातो, काळ हसतो.

ओळखावे कसे?

मग वाचकाने या तिन्हींतला भेद कसा ओळखावा? पहिली कसोटी अशी : परिच्छेदातील सर्व जुने शब्द काढून तो आजच्या भाषेत सांगून पाहावा. काही उरते का? गोनीदांचा किंवा इनामदारांचा प्रसंग असा सांगितला तरी त्यातील माणसे, पेच आणि निर्णय उरतात. तिसऱ्या प्रकारातून 'जी' आणि 'मुजरा' वजा केले की बाकी शून्य येते.

दुसरी कसोटी : चूक कोणाची आहे, ते पाहावे. चिमणरावाची चूक चिमणरावाची असते, चिं. वि. तिच्या मागे उभे राहून डोळा मिचकावत असतात. तिसऱ्या प्रकारात पात्र आणि लेखक दोघेही एकाच खड्ड्यात असतात, आणि बाहेर कोणीच उभे नसते.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची : लेखकाने मूळ पाहिले आहे काय? विडंबनकाराने ज्याचे विडंबन केले ते वाचलेले असते. खऱ्या आर्ष शैलीच्या लेखकाने बखर, पत्र, पोवाडा, संतवाणी वाचलेली असते. तिसऱ्या प्रकारचा लेखक मात्र दुसऱ्याची कादंबरी वाचून कादंबरी लिहितो, मालिका पाहून मालिका लिहितो. प्रतीची प्रत आणि तिची पुन्हा प्रत. शेवटी महाराज कसे बोलत, याचे उत्तर 'मालिकेतल्यासारखे' असे येते.

अभिमान आणि भान

राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी या ठिकाणी थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. शिवजयंतीच्या उत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, बालनाट्यात भावना उत्कट असते आणि ती खरीही असते. त्यामुळे भाषेच्या उणिवेकडे बोट दाखवले की काहींना तो इतिहासाचा उपमर्द वाटतो. तसे नाही. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याच्या मुखी कोणतेही वाक्य घालण्याचा अधिकार श्रद्धेने मिळत नाही. उलट, श्रद्धा जेवढी मोठी तेवढी जबाबदारी मोठी.

भाषाशुद्धीच्या संदर्भातही हे लक्षात घ्यावे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले 'दिनांक', 'महापौर', 'हुतात्मा' यांसारखे शब्द आज मराठीचे सहज धन झाले आहेत. १९३८ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. परंतु सावरकरांची दृष्टी भविष्याकडे होती. उद्याच्या मराठीने कोणते शब्द वापरावेत, हा त्यांचा प्रश्न होता. सतराव्या शतकातील मावळ्याच्या तोंडी 'हुतात्मा' घालणे ही सावरकरभक्ती नव्हे. ती कालगणनेतील चूक आहे. आपले पूर्वज 'फौज', 'मोहीम', 'तह', 'मसलत' हे शब्द वापरीत आणि तेच शब्द वापरून त्यांनी स्वराज्य उभे केले. फारसी शब्द बोलणारी ती जीभ कोणाची गुलाम नव्हती. त्यांचे शब्द आज गुपचूप बदलले तर त्यांचा गौरव वाढत नाही; राज्यव्यवहारकोशाची आवश्यकता महाराजांना का भासली, हेच मग पुढच्या पिढीला कळेनासे होते.

माधव जूलियन यांचे उदाहरण येथे बोलके आहे. रविकिरण मंडळातील हे कवी फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली, म्हणजे 'झेंडूची फुले' निघाली त्याच वर्षी, त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला. त्यांच्या फारसी वळणाच्या शैलीचीही अत्र्यांनी यथेच्छ टर उडवली होती. पण १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराष्ट्राने त्यांनाच दिले, आणि १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहून मराठीच्या शुद्धीचा कैवार घेतला. फारसी शब्द कोठून आला, हे ज्याला बारकाईने ठाऊक होते त्यानेच कोणता शब्द ठेवावा आणि कोणता सोडावा याचा विचार मांडला. आणि ग्रंथाच्या नावात 'शुद्धी'च्या जोडीला 'विवेक' ठेवला. त्यांचे विडंबन झाले म्हणून ते लहान झाले नाहीत, आणि विडंबन करणारे अत्रे मराठीचे शत्रू ठरले नाहीत. 'श्यामची आई' पडद्यावर आणून साऱ्या महाराष्ट्राचे डोळे ओले करणारे अत्रे तेच होते.

शैलीचे विडंबन आणि श्रद्धेची विटंबना यांत फरक आहे. थोर पुरुषाच्या चारित्र्यावर चिखल उडवणे वेगळे, आणि त्याच्या नावाने लिहिल्या जाणाऱ्या भडक वाक्यांना हसणे वेगळे. पहिल्याचा निषेध जरूर व्हावा. दुसऱ्याने मात्र भाषा स्वच्छ होते. ज्या समाजाला स्वतःच्या भारदस्तपणावर हसता येते, तो समाज आपल्या खऱ्या भारदस्त गोष्टी अधिक नीट जपतो.

घरातून सुरुवात

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद सर्वांना झाला. पण दर्जा कागदावर मिळतो आणि अभिजातता वाचनात राहते. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रांतात चालू होती. कित्येकांच्या आजोबा-पणजोबांची खतपत्रे तीत आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, भारत इतिहास संशोधक मंडळात, थेट तंजावरच्या सरस्वती महालात मोडीचे रुमाल वाचकांची वाट पाहत आहेत. ते वाचणारे हात कमी झाले, तर उद्याच्या कादंबरीकाराला जुने वळण शिकवणार कोण?

प्रत्येकाने संशोधक व्हावे असे नाही. एवढे मात्र प्रत्येक घरात होऊ शकते : मुलाने 'श्रीमान योगी' वाचून संपवली, की त्याच्या हाती सभासदाची बखर द्यावी. ती लहानशी आहे. सुट्टीच्या दिवशी चार पाने मोठ्याने वाचावीत. अडलेला शब्द कोशात पाहावा. आणि त्याच संध्याकाळी चिमणरावाचे एखादे प्रकरणही घरात वाचले जावे. पहिल्या वाचनाने मुलाचा कान जुन्या सुराला जुळेल. दुसऱ्याने खोटा सूर ओळखण्याची सवय लागेल. मग दूरचित्रवाणीवर एखादा जासूद पाच मिनिटांत दरवाजा उघडण्याची आज्ञा देऊ लागला, की ते मूल स्वतःच हसेल. ते हसणे इतिहासाच्या अनादराचे नसेल. इतिहास त्याच्या कानात मुरल्याची ती खूण असेल.

जुने वळण गिरवावयाचे तर मूळ कित्ता समोर असावा लागतो. वाकडे वळण काढावयाचे, तरी सरळ कोणते ते हाताला माहीत असावे लागते. कित्ताच हरवला, तर मुद्दाम आणि नकळत यांतला भेद सांगणारा कोणी उरणार नाही. तो कित्ता सांभाळणे, ही पूर्वजांची आणि पुढील पिढीची, दोघांचीही सेवा आहे.